यंत्राला डोळे आले. आपल्या हाती कागद आहेत का?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो होतो. वस्तीतील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. हे गृहस्थ शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत तेवीस वर्षे तपासणी खात्यात आहेत. भट्टीतून ओतून निघालेले कास्टिंग हातात घ्यायचे, डोळ्यांनी न्याहाळायचे, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि चांगले एका बाजूला, रिजेक्ट दुसऱ्या बाजूला टाकायचे, हे त्यांचे काम. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला.

"भाऊ, पोरगं काय म्हणतंय ते बघा की. मला तर काय बी कळंना," वडील म्हणाले.

मुलाने पिशवीतून जुना लॅपटॉप काढला, त्याला एक कॅमेरा जोडला आणि कॅमेऱ्याखाली एक छोटे कास्टिंग ठेवले. पडद्यावर कास्टिंगचे चित्र आले आणि एका कोपऱ्यात तांबडी चौकट उमटली. त्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते. फौंड्रीत त्याला ब्लो होल म्हणतात. मला ते दिसलेही नव्हते. यंत्राला दिसले.

मग मुलगा म्हणाला, "काका, पेपरात येतंय की सरकार एआयला दहा हजार कोटी देणार. त्यातलं आपल्याला काय मिळंल का?"

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालेलो असल्याने वस्तीतील लोक कागदपत्रे घेऊन माझ्याकडे येतात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे नेहमीचेच. पण हा प्रश्न नवीन होता. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढचे तीन महिने त्या मुलाबरोबर कचेऱ्या पालथ्या घातल्या. त्यातून जे कळले ते येथे लिहीत आहे, कारण असा मुलगा आपल्या प्रत्येक वस्तीत आज ना उद्या उभा राहणार आहे.

दहा हजार कोटी कोणासाठी?

प्रथम त्या मोठ्या आकड्याचे बघू. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे यंत्राला हजारो उदाहरणे दाखवून त्याच्याकडून ओळख पटवून घेण्याची विद्या. त्यासाठी फार ताकदीचे संगणक लागतात. या मिशनचा मोठा हिस्सा अशा संगणकांची शक्ती स्वस्तात उपलब्ध करून देण्यासाठी आहे. स्टार्टअप, लघुउद्योग, विद्यार्थी, संशोधक यांनी ती वापरली तर खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलते. म्हणजे रोख पैसा हातात येत नाही, संगणकाचे भाडे कमी होते. आमच्या मुलाला कॅमेरा, दिवे, लोखंडी चौकट आणि एक बऱ्यापैकी संगणक हवा होता. त्याची गरज या दारात भागणारी नव्हती.

केंद्राने एआयची खास उत्कृष्टता केंद्रेही जाहीर केली. आरोग्य, शेती आणि शहरे या तीन विषयांसाठी ९९० कोटी, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठी ५०० कोटी. आपल्या राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीसाठी ५०० कोटींचे महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. शेती आली, आरोग्य आले, शिक्षण आले. या यादीत कारखाना मात्र नाही.

कारखान्यांसाठी अवजड उद्योग मंत्रालयाची 'समर्थ उद्योग भारत ४.०' नावाची मोहीम आहे. तिची चार केंद्रे आहेत. त्यातील एक, सीफोरआयफोर लॅब, आपल्या पुण्यात आहे. याच मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये यंत्रसामग्री उद्योगासाठी १,२०७ कोटींच्या योजनेचा दुसरा टप्पा जाहीर केला. पण हा पैसा मुख्यतः मोठ्या संस्था, संशोधन केंद्रे आणि त्यांच्याबरोबर येणारे उद्योग यांच्यासाठी. शिरोलीच्या शेडमध्ये एकटा काम करणारा पोरगा त्यात अर्जदार म्हणून बसत नाही. पुण्याच्या केंद्रात जाऊन शिकता येते, यंत्रे बघता येतात. ते त्याने जरूर करावे.

मग आमच्या मुलाला काहीच नाही काय? आहे. पण त्या दारावर 'एआय' अशी पाटी नाही. ती जुनीच दारे आहेत. लहान उद्योगाला यंत्र घेण्यासाठी, नवा धंदा उभारण्यासाठी ज्या योजना आहेत, त्यातूनच एआयचे यंत्रही घेता येते. कॅमेरा हे यंत्रच आहे. पहिला धडा हा की, नव्या नावाच्या मागे धावू नका. आपण काय बनवणार ते साध्या शब्दात मांडा आणि मग दार शोधा.

दारे कोणती?

पहिले दार पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे. २००८ पासूनची योजना. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत प्रकल्प. अनुसूचित जातीच्या अर्जदाराने स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. दहा लाखांचा प्रकल्प ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभा केला तर अनुदान साडेतीन लाख, शहरात अडीच लाख. हे अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, मग कर्जखात्यात वळते होते. ते हातात येईल अशा समजुतीत राहू नये.

दुसरे दार राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबचे. हे २०१६ साली सुरू झाले. या हबखाली यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या मुदत कर्जावर २५ टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये, भांडवली अनुदानाची खास योजना आहे. चालू धंद्यालाही ती लागू होते, हा तिचा फायदा.

तिसरे दार कल्पनेचे. मार्च २०२२ मध्ये 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजना आली. मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत, म्हणजे बहुधा इंजिनीअरिंग कॉलेजमार्फत, एखाद्या नव्या कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत. यात तारण लागत नाही, पण कल्पना निवड समितीपुढे टिकावी लागते. बाबासाहेबांच्या नावाने सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन'मध्येही, तंत्रज्ञान केंद्रात काम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या तरुणांना तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भागभांडवल ठरवले होते.

याशिवाय मुद्रा कर्ज आहे आणि आपल्या महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाची बीजभांडवल योजनाही आहे. अनेकांनी स्टँड-अप इंडियाचे नाव ऐकले असेल. २०१६ ची ती योजना मार्च २०२५ पर्यंतचीच होती. वरील पहिल्या तीन योजनांचा टप्पाही २०२५-२६ अखेरपर्यंत मंजूर केलेला होता. म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा की, आज कोणती योजना चालू आहे आणि तिचा चालू शासन आदेश कोणता. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, आदेशाची प्रत मागा.

आमचा मुलगा कोठे अडला?

आता खरी गोष्ट सांगतो. मुलाचे डोके तेज, यंत्र चालते, तरीही पहिला अर्ज परत आला. का? चार कागदांमुळे.

पहिली चूक उद्यम नोंदणीची. वर्षापूर्वी एका दुकानदाराने त्याच्याकडून पंधराशे रुपये घेऊन उद्यम नोंदणी करून दिली होती. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने, पूर्ण मोफत आहे. पंधराशे गेले ते गेले. पण मुलाने त्या नावाने दोन-तीन किरकोळ कामांची बिलेही फाडली होती. रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगासाठी आहे. त्यामुळे त्याचा धंदा 'चालू उद्योग' ठरला आणि पहिले दार बंद झाले. नोंदणी लागतेच, पण कोणत्या योजनेत जायचे ते ठरवून मग तारीख टाकावी, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मलाही माहीत नव्हते.

दुसरी चूक दाखल्याची. ही आपल्या समाजाची जुनी जखम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत येण्यासाठी १९९० ची कायदा दुरुस्ती व्हावी लागली. तब्बल ३४ वर्षे! आज आपण केंद्राच्या योजनांना पूर्ण पात्र आहोत. पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि त्यावर मूळ जात व बौद्ध धर्मांतर यांचा उल्लेख नीट लागतो. मुलाने शाळेच्या वेळी काढलेला राज्याचा दाखला जोडला होता. बँकेच्या टेबलावरून तो परत आला. आपल्या घरातील प्रत्येक मुलाचा केंद्राच्या नमुन्यातील दाखला आजच काढून ठेवा. गरज लागल्यावर प्रांत कचेरीत हेलपाटे मारत बसू नका.

तिसरी चूक प्रकल्प अहवालाची. त्यात लिहिले होते, 'एआय सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट.' कर्ज देणाऱ्या साहेबांनी विचारले, "म्हणजे नक्की काय बनवणार? विकणार कोणाला?" मुलगा इंग्रजी शब्द बोलत राहिला आणि साहेब घड्याळ बघत राहिले. आम्ही अहवाल पुन्हा लिहिला. 'फौंड्रीतील कास्टिंगचे पृष्ठभागावरील दोष ओळखणारे कॅमेरा-यंत्र तयार करून विकणे.' एका यंत्राला लागणारा माल किती, मजुरी किती, किंमत किती, वर्षात किती विकणार, दरमहा हप्ता कसा फिटणार. येथे माझे बी.कॉम. उपयोगी पडले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र बनवून विकले तर ते उत्पादन. तेच यंत्र आपल्याकडे ठेवून दुसऱ्याचा माल तपासून दिला तर ती सेवा. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या. अर्जात एक आणि अहवालात दुसरेच लिहिले की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

चौथी गोष्ट धंद्याच्या रूपाची. एकट्याच्या मालकीचा धंदा केंद्राच्या व्याख्येत 'स्टार्टअप' ठरत नाही. त्यासाठी कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी असे रूप लागते. आणि भागीदारी केली तर अनुसूचित जातीचा उद्योग म्हणून गणले जाण्यासाठी ५१ टक्के हिस्सा आपल्या माणसाचा हवा.

नावाचा मालक होऊ नका

या ५१ टक्क्यांपाशी थोडे थांबतो. अर्ज परत आल्याचे कळताच एक गृहस्थ मुलाच्या घरी आले. म्हणाले, पैसा मी घालतो, तुझ्या नावावर ५१ टक्के दाखवू, अनुदान आले की तुला महिन्याला पगार देईन. आईला वाटले, बरे झाले, पोराचे भले होईल. मुलगा सहीसाठी कागद घेऊन माझ्याकडे आला. मी विचारले, "कर्ज कोणाच्या नावावर?" तो म्हणाला, "माझ्या." "यंत्र कोणाच्या ताब्यात?" तो गप्प झाला.

बंधूंनो आणि भगिनींनो, कागदावर मालक आणि शेडमध्ये नोकर, हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही. अनुदान दुसरा खातो आणि जप्तीची नोटीस आपल्या दारावर लागते. आई-बहिणीच्या नावाने अर्ज करतानाही हेच लागू. महिलेच्या नावावर सवलत जास्त असेल तर ती जरूर घ्या, पण चेकवर सही करणारी, हिशेब बघणारी आणि बँकेत बोलणारी तीच असली पाहिजे. नाहीतर अर्ज करू नका. पात्रता म्हणजे केवळ जातीचा दाखला नव्हे. धंदा आपला असणे हीसुद्धा पात्रताच आहे.

शाहू महाराजांनी केवळ भांडवल दिले नाही

या कोल्हापुरातच याचा सर्वात मोठा धडा घडून गेला आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले, भांडवल दिले आणि भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचे चहाचे हॉटेल उभे राहिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. भांडवलाबरोबर महाराजांनी गिऱ्हाईक दिले. म्हणून तो धंदा चालला.

आजच्या योजनांत याचीच आठवण ठेवली पाहिजे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात, २०१२ पासून, सरकारी खाती व कंपन्यांनी आपल्या एकूण वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातीच्या लहान उद्योजकांकडून घ्यावा असे आहे. ही ४ टक्के पूर्ण होत नाहीत, ही जुनी तक्रार आहे. पण हा हक्क माहीत असलेला उद्योजक तरी किती? कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फौंड्र्या आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले येथे त्यांच्या चिमण्या दिसतात. मोटारी-ट्रॅक्टरचे भाग येथून देशभर आणि परदेशी जातात. रिजेक्ट कास्टिंग ही प्रत्येक मालकाची डोकेदुखी. गिऱ्हाईक आपल्या उंबऱ्याशी आहे. आमच्या मुलाने कर्जाआधी एका छोट्या फौंड्रीमालकाकडून 'यंत्र चालले तर घेऊ' असे पत्र आणले. दुसऱ्यांदा त्या पत्रामुळे बँकेत त्याला खुर्ची मिळाली.

आणि वडिलांचे काय?

सर्वात अवघड प्रश्न शेवटी लिहितो. एका संध्याकाळी वडील मुलासमोर म्हणाले, "तुझं मशीन बसल्यावर माझ्यासारख्याचं काय?"

मुलगा खाली बघू लागला. मलाही पटकन उत्तर सुचले नाही. हा प्रश्न खरा आहे. फौंड्रीत तपासणीला, फेटलिंगला, ग्राइंडरच्या धुळीत आपलीच माणसे जास्त आहेत, आणि बहुतेक कंत्राटावर. यंत्र आले की पहिला हात त्यांच्याच रोजगारावर पडतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली, काँग्रेस व गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले यावरील ग्रंथात, या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात जाईल अशी जी समाजाची घडी आहे, दोष तिचा आहे. यंत्राशिवाय माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका नाही आणि विद्येसाठी सवडही नाही. म्हणून यंत्र मोडायचे नाही, घडी बदलायची.

ती घडी आमच्या या छोट्याशा प्रकरणात कशी बदलेल? एक गोष्ट आम्हाला हळूहळू उमगली. यंत्राला शिकवायला शेकडो फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोवर कोणीतरी सांगावे लागते की हा ब्लो होल, ही चीर, हा नुसता वाळूचा डाग, तो चालेल. हे सांगणारा कोण? वडील! तेवीस वर्षांचे त्यांचे डोळे हाच त्या यंत्राचा मास्तर. शिवाय कॅमेऱ्याला पृष्ठभागच दिसतो. आतली चीर वडिलांना हातोडीच्या बद्द आवाजावरून कळते, ते कॅमेऱ्याला अजून कळत नाही. म्हणजे या यंत्रात भांडवल दोघांचे आहे, मुलाच्या शिक्षणाचे आणि बापाच्या अनुभवाचे. दुसऱ्या कोणी हेच यंत्र आणून बसवले असते तर बापाचे ज्ञान फुकटात घेऊन त्यालाच घरी पाठवले असते.

आता दररोज रात्री जेवणानंतर बापलेक लॅपटॉपपुढे बसतात. फोटो काढायला त्या फौंड्रीमालकाची लेखी परवानगी घेतली आहे. मुलाने नव्या धंद्याच्या वहीत वडिलांच्या या कामाची मजुरी लिहायला सुरुवात केली आहे. अजून देणे झालेले नाही, पण हिशेब लिहिला जातो.

मुद्रातून चार लाखांचे कर्ज मंजूर झाले. हबच्या भांडवली अनुदानासाठी बँकेमार्फत अर्ज जावा म्हणून पाठपुरावा चालू आहे. कल्पनेचा अर्ज एका इंजिनीअरिंग कॉलेजमार्फत केला आहे, निकाल यायचा आहे. वडील अजून त्याच फौंड्रीत कामावर जातात. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. त्यासाठी कामगारांची संघटना आणि कायदा दोन्ही लागतील, एका मुलाचे यंत्र पुरणार नाही.

पण एक काम आपण आजच करू शकतो. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागदांचा ठेवावा. वंदना झाल्यावर एक तास. ज्याला लिहिता-वाचता येते त्याने ज्याला येत नाही त्याचे कागद बघावेत. केंद्राच्या नमुन्यातला दाखला, आधार, पॅन, उद्यम, शिक्षणाची प्रमाणपत्रे, तीन ठिकाणची जीएसटी क्रमांक असलेली कोटेशने आणि साध्या मराठीत लिहिलेला एक पानाचा हिशेब, एवढे ज्याच्या पिशवीत असेल त्याला कोणत्याही टेबलावरून सहज परत पाठवता येणार नाही. आमच्या वस्तीत हा रविवार सुरू झाला आहे. पहिल्या वेळी पाच जण आले, दुसऱ्या वेळी अकरा. त्या अकरांपैकी चार मुली होत्या.